जुन्या एक्सपीतला वजनकाटा व्हर्च्युअल मशीनला कसा जोडायचा? (कॉम पोर्ट, मदत हवी आहे)

डिचोलीकर (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. डिचोलीच्या बाहेर आमचा ४० टनी वजनकाटा आहे. चिरे, खडी, भंगार, सीझनला काजूबिया, जे येईल ते तोलतो. बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी काट्याला संगणक जोडून घेतला. इंडिकेटरच्या (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याच्या) पाठीमागून नऊ पिनांची केबल निघायची ती थेट संगणकाच्या कॉम १ या सीरियल पोर्टात. ट्रक चढला, आकडा स्थिर झाला की बाबा एक बटण दाबायचे आणि पावती छापून यायची.

मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी जो गडगडाट झाला त्यात संगणकाचा मदरबोर्ड गेला. इंडिकेटर वाचला, हार्ड डिस्कही वाचली. नवीन संगणक घेतला तर त्याला सीरियल पोर्टच नाही, आणि पावतीचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे चालत नाही. ज्यांनी ते दिलं होतं त्यांचं दुकान कधीच बंद झालं.

मग जुनी डिस्क यूएसबीच्या खोक्यात घातली, डिस्क-टू-व्हीएचडी या प्रोग्रामने तिची प्रत काढली आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत खोटा संगणक (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लावली. आधी निळा पडदा आला, डिस्कचा कंट्रोलर नव्या साटाऐवजी जुना आयडीई केल्यावर एक्सपी उठलं. बाबांचा तोच डेस्कटॉप, तीच नावं, बघून बरं वाटलं.

आता अडलंय ते काट्याशी बोलण्यावर. यूएसबी-टू-सीरियल अडॅप्टर आणला, तो नवीन विंडोजवर कॉम ३ म्हणून दिसतो. पुटी या पोर्ट वाचणाऱ्या प्रोग्रामने उघडला तर आकडे धडाधड येतात. व्हीएमच्या सेटिंगमध्ये सीरियल पोर्ट चालू केला : कॉम १, आयआरक्यू ४, पत्ता ३एफ८. पोर्ट मोडमध्ये होस्ट पाइप, होस्ट डिव्हाइस, रॉ फाइल, टीसीपी असे पर्याय आहेत. होस्ट डिव्हाइस निवडून खाली कॉम ३ लिहिलं. आता व्हीएम सुरूच होत नाही, पोर्ट उघडता येत नाही म्हणून थांबतं.

चार दिवस पावत्या हाताने लिहितोय. पाऊस लागायच्या आधी चिऱ्यांची घाई असते, ट्रक रस्त्यापर्यंत उभे राहतात. कोणी वाट दाखवेल का?

साष्टीकर (९:२२)

बाबांचा डेस्कटॉप परत उठवलात हेच मोठं काम. बाकीचं होईल. वाचतोय.

अंत्रुजकर (९:४०)

डिचोलीकर, तुमचं ९० टक्के काम झालंय. एकच विचारतो : व्हीएम सुरू करताना पुटी बंद केलं होतं का?

विंडोजवर कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती असतो. पुटीने कॉम ३ धरून ठेवला असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला तो मिळणार नाही आणि व्हीएम सुरू व्हायलाच नकार देईल. प्रिंटर किंवा मोडेमचं एखादं मागे चालणारं सॉफ्टवेअरही पोर्ट धरून बसतं, तेही बघा.

चार मोड थोडक्यात सांगतो (होस्ट म्हणजे खरा संगणक, गेस्ट म्हणजे व्हीएमच्या आतली सिस्टिम). होस्ट डिव्हाइस म्हणजे खरा पोर्ट आत नेऊन द्यायचा, तुम्हाला हाच हवा. होस्ट पाइप म्हणजे खरी तार नाहीच, होस्टवरचा एखादा प्रोग्राम आणि व्हीएम यांच्यात एक नळी. रॉ फाइल म्हणजे गेस्ट जे पाठवेल ते होस्टवरच्या फाइलीत लिहिलं जातं. टीसीपी म्हणजे तीच नळी नेटवर्कवरून. कॉम १ ला ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम २ ला २एफ८ आणि आयआरक्यू ३, हे पीसीच्या जुन्या काळापासून ठरलेलं आहे. त्याला हात लावू नका.

साष्टीकर (९:४६)

म्हणजे कॉम पोर्ट हे एका न्हाणीघराच्या घरासारखं. आत कोणी आहे का ते आधी विचारायचं.

डिचोलीकर (१०:३०)

अंत्रुजकर, पुटीच उघडं होतं! बंद केल्यावर व्हीएम सुरू झालं. एक्सपीतलं हायपरटर्मिनल (ते पुटीसारखंच) कॉम १ वर २४०० बॉडला, म्हणजे तारेच्या त्या वेगाला, लावलं आणि आतमध्ये आकडे दिसायला लागले. दर सेकंदाला सात-आठ ओळी.

पण आमचं सॉफ्टवेअर मात्र शून्यच दाखवतं. पोर्ट कॉम १, बॉड २४००, सगळं आधीसारखंच आहे. हायपरटर्मिनल बंद करूनच सॉफ्टवेअर उघडलं होतं.

सत्तरीकर (१०:४५)

मला वेगळंच म्हणायचंय, राग मानू नका. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला रामराम ठोकला, सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. त्यावर पैशाचा व्यवहार चालवणं मला पटत नाही. इंडिकेटर साधे आकडे पाठवतोय. पायथनमध्ये पन्नास-साठ ओळींत पोर्ट वाचणारा प्रोग्राम होतो, पावती छापता येते. व्हीएमच्या आत पोर्ट नेण्यासाठी जी मेहनत चाललीय तिच्या निम्म्यात नवीन व्यवस्था उभी राहील.

डिचोलीकर (११:०५)

सत्तरीकर, राग अजिबात नाही. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये पंधरा वर्षांची वजनं आहेत. तालुक्यातल्या बहुतेक ट्रकांचं रिकामं वजन त्यात साठवलेलं आहे, त्यावर गिऱ्हाइकांशी हिशेब होतात. आणि बाबांना आता डोळ्यांनी कमी दिसतं. एफ २ दाबलं की भरलेला ट्रक, एफ ५ दाबलं की रिकामा, हे त्यांच्या बोटांत बसलंय. ते पडद्याकडे बघतसुद्धा नाहीत, काट्यावरच्या ट्रककडे बघतात. नवीन काही आणलं तर काटा माझा होईल, त्यांचा राहणार नाही. मला ते नकोय.

सत्तरीकर (११:१२)

हे आधी सांगितलं असतंत तर मी वरचा प्रतिसाद लिहिलाच नसता. फक्त एक करा : व्हीएमचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून पूर्ण काढून टाका. काट्याला इंटरनेट लागत नाही.

नेत्रावळी (मंगळवार, सकाळी ६:५०)

नेटवर्क काढण्याला माझा दुजोरा. रोज रात्री व्हीएम बंद केल्यावर डिस्कची ती एक फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मदरबोर्ड जळाला तर दुसऱ्या संगणकावर अर्ध्या तासात काटा उभा राहील. खऱ्या जुन्या मशीनने हे सुख कधी दिलं नव्हतं.

सॉफ्टवेअर शून्य का दाखवतं याचा विचार करतेय. शाळेतून आल्यावर लिहिते.

तारवटी (८:१५)

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, आमची होडी कुटबणच्या जेटीवर बांधलेली, म्हणून सविस्तर लिहायला सवड आहे.

होडीवरच्या जीपीएसची भाषा एनएमईए ०१८३. वेग ४८०० बॉड, प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि चिन्हं धरून ८२ अक्षरांच्या वर जात नाही. एक जुना नकाशाचा प्रोग्राम मी व्हीएममध्ये चालवतो, आणि होस्टवर नवा. दोघांनाही त्याच जीपीएसचे आकडे हवेत. वर अंत्रुजकरांनी सांगितलं तसं पोर्ट एकालाच मिळतो. मग मी होस्टवर कॉम-झिरो-कॉम बसवलं. त्याने एकमेकांना जोडलेल्या खोट्या कॉम पोर्टांची जोडी तयार होते. हब-फॉर-कॉम खऱ्या पोर्टावरून वाचतं आणि दोन जोड्यांत वाटून देतं. एका जोडीचं दुसरं टोक नव्या प्रोग्रामला, दुसरीचं टोक होस्ट डिव्हाइस म्हणून व्हीएमला. तीन वर्षं बिनतक्रार चाललंय.

डिचोलीकर, पुढे कधी काट्याचा आकडा बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवरही हवा झाला तर ही युक्ती लक्षात ठेवा.

साष्टीकर (८:२०)

तारवटी, ऑगस्टमध्ये पहिले बांगडे कुठे लागले ते याच धाग्यावर एनएमईएत लिहा.

तारवटी (८:२४)

अक्षांश-रेखांश सोडून बाकी सगळं सांगेन.

मांडवीकाठ (१०:००)

लिनक्सवाल्यांसाठी थोडं. तिथे यूएसबी अडॅप्टर डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाय-यूएसबी-झिरो म्हणून येतो. होस्ट डिव्हाइसमध्ये तोच पत्ता द्यायचा. डेबियन-उबंटूत तुमचं खातं डायलआउट ग्रुपमध्ये नसेल तर परवानगी नाही म्हणून अडेल. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं, अर्धे लोक इथेच दोन तास घालवतात. होस्ट पाइप निवडला तर लिनक्सवर ते युनिक्स सॉकेट होतं. सोकॅट या प्रोग्रामने त्याचं एक टोक धरलं की पुढे हवं तिथे नेता येतं.

माझ्या मते यूएसबी अडॅप्टर सगळाच्या सगळा व्हीएमला देण्यापेक्षा होस्ट डिव्हाइस कधीही बरा. गेस्टला साधा कॉम १ दिसतो, अडॅप्टरचा ड्रायव्हर लागत नाही. एक्सपीसाठी ड्रायव्हर शोधत बसणं म्हणजे आषाढात उन्हाची वाट पाहणं.

अंत्रुजकर (दुपारी १:१०)

मांडवीकाठबाब, इथे माझं मत वेगळं आहे. मी कुंडईला पीएलसीचं, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांचं, काम करतो. जुन्या पीएलसीची प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरं एक्सपीतच चालतात, म्हणून लॅपटॉपवर पाच-सहा व्हीएम घेऊन फिरतो.

मॉडबस आरटीयू ही त्यांची सीरियल तारेवरची भाषा घ्या. त्यात एक संदेश संपला हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतात. ९६०० बॉडला, अक्षराला ११ बिट धरून, ती शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची. अडॅप्टरमधल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपचा ड्रायव्हर थोडे बाइट आले की ते मुळात १६ मिलिसेकंद धरून ठेवतो आणि मग एकदम देतो. त्यात होस्ट डिव्हाइसची आणखी एक पायरी. कधी दोन संदेश चिकटतात, कधी एकाचे दोन होतात. दोन गोष्टींनी माझं काम सुटलं : होस्टवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधला लेटन्सी टायमर १६ वरून १ केला, आणि जिथे तरी जमलं नाही तिथे अडॅप्टरच व्हीएमला देऊन आतमध्ये ड्रायव्हर घातला. एफटीडीआय आणि सीएच ३४० या दोन्ही चिपांचे एक्सपीला चालणारे जुने ड्रायव्हर आहेत. फक्त व्हीएममध्ये यूएसबी १.१ ठेवा, ३.० नको. एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही, आणि या अडॅप्टरांना १.१ चा वेग पुरून उरतो.

मांडवीकाठ (१:२५)

मॉडबससाठी मान्य. मी स्वतः फक्त सीरियल कन्सोल वापरतो, तिथे १६ मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. काट्याचंही तसंच. तो आपणहून बोलत राहतो, उत्तराची वाट बघत नाही.

अंत्रुजकर (१:२७)

बरोबर. काट्याला होस्ट डिव्हाइसच.

पेडण्याची_पोर (२:४०)

मी इंजिनिअरिंगला आहे, एक बाळबोध प्रश्न. प्रोजेक्टसाठी आम्ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पडदा चालू व्हायच्या आधी काय बिघडतंय ते बघायला ३एफ८ या पत्त्यावर एक-एक अक्षर लिहितो आणि पोर्ट मोड रॉ फाइल ठेवतो. सगळं सुरेख येतं. पण मी बॉड रेट लावायला विसरले होते, तरी एकही अक्षर बिघडलं नाही. असं कसं?

नेत्रावळी (४:३०)

मुळीच बाळबोध नाही. बॉड रेट हा तारेचा प्रश्न आहे. खऱ्या तारेवर बाइट एक-एक बिट करून जातो आणि पलीकडच्याने नेमक्या वेळी बघितलं नाही तर कचरा दिसतो. फाइल, पाइप आणि टीसीपीमध्ये बिट जात नाहीत, अख्खा बाइटच उचलून पलीकडे ठेवला जातो, म्हणून वेग जुळायची गरज उरत नाही. होस्ट डिव्हाइसमध्ये मात्र पलीकडे खरी तार आहे. तिथे गेस्टमधला प्रोग्राम जो वेग, जी पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) मागतो तीच व्हर्च्युअलबॉक्स होस्टच्या पोर्टावर लावतं. उद्या तुमची सिस्टिम खऱ्या मशीनवर चालवाल तेव्हा बॉड रेट लावायला विसरू नका.

आता डिचोलीकर. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे या सीरियल पोर्टाच्या ठरलेल्या पद्धतीत, आकडे वाहून नेणाऱ्या तारा तीनच : २, ३ आणि जमिनीची ५. पण बाकीच्या पिना उगाच नाहीत. ४ म्हणजे डीटीआर, संगणक म्हणतो मी तयार आहे. ६ म्हणजे डीएसआर, समोरचा म्हणतो मीही तयार आहे. ७ आणि ८ ही तशीच दुसरी जोडी. काही जुनी सॉफ्टवेअरं डीएसआर वर आल्याशिवाय आलेले बाइट घेतच नाहीत. हायपरटर्मिनलमध्ये फ्लो कंट्रोल (थांब-पाठव सांगायची पद्धत) ‘नन’, म्हणजे बंद, ठेवला असेल तर ते या पिनांकडे बघत नाही, म्हणून तिथे आकडे दिसतात.

दोन प्रश्न. हायपरटर्मिनलमध्ये फ्लो कंट्रोल काय ठेवला होता? आणि केबल जुनीच आहे की नवीन?

डिचोलीकर (५:१५)

फ्लो कंट्रोल नन. केबल नवीन. जुनीच्या पिनांवर हिरवा कळंक चढला होता म्हणून म्हापशाला एका दुकानात नवीन करून घेतली. त्यांनी तीन तारांची करून दिली.

नेत्रावळी (५:२१)

जुनी टाकली नसेल तर संगणकाकडच्या टोकाचं टोपण उघडा. दोन स्क्रू असतात.

वास्कोवाला (६:००)

मधे एक इशारा. स्वस्तातले अडॅप्टर घेताना जपा. प्रॉलिफिकच्या नकली चिपा सर्रास मिळतात. कंपनीचा नवा ड्रायव्हर त्या ओळखतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० दाखवून थांबतो. एफटीडीआयने तर २०१४ मध्ये असा ड्रायव्हर काढला होता की नकली चिपेचा ओळख क्रमांकच शून्य व्हायचा आणि ती कुठल्याच संगणकावर ओळखली जायची नाही. लोकांनी ओरड केल्यावर तो मागे घेतला. व्हीएममध्ये पोर्ट दिसत नाही म्हणून व्हर्च्युअलबॉक्सला दोष देण्याआधी होस्टवर पुटीत आकडे येतात का ते बघावं. डिचोलीकरांनी ते पहिल्याच दिवशी केलं होतं, म्हणून हा धागा सरळ चाललाय.

डिचोलीकर (रात्री ८:५०)

नेत्रावळीताई, काय सांगू.

जुनी केबल माळ्यावर काजूच्या रिकाम्या गोणपाटांत होती. टोपणाचे स्क्रू गंजलेले, एकाचं डोकं घासून गेलं. उघडलं तर आत ४ आणि ६ यांच्यामध्ये तारेचा एवढासा तुकडा डाख देऊन जोडलेला. ७ आणि ८ यांच्यामध्ये दुसरा. ६ वरून पुढे १ पर्यंत अजून एक. त्यावर लाल रंगाचा ठिपका. बाबांना दाखवला तर म्हणाले, नखाला लावतात त्या रंगाचा तो, तुझ्या आईच्या बाटलीतला, पुन्हा कोणी उघडून तोडू नये म्हणून लावला होता. तुकडे त्यांनी स्वतःच जोडले होते. तेव्हाही सॉफ्टवेअर शून्य दाखवत होतं, आणि मुरगाव बंदरातल्या एका मित्राने त्यांना ही युक्ती सांगितली होती. पंधरा वर्षांत आम्हाला कधी बोलले नाहीत.

नवीन केबलच्या टोकात तसेच तुकडे जोडले. व्हीएम सुरू केलं, सॉफ्टवेअर उघडलं. बाबा स्वतः जाऊन काट्यावर उभे राहिले. मी एफ २ दाबलं. हा काटा दहा किलोच्या पटीत दाखवतो. पावतीवर आलं ६० किलो.

देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं.

साष्टीकर (८:५५)

बाबांना आमचा नमस्कार सांगा. आणि ती पावती फ्रेम करा.

मांडवीकाठ (९:०५)

आज इंटरनेटवर आलेला सगळ्यात उत्तम मजकूर. डीटीआरचा आवाज गेस्टमधून होस्टपर्यंत, होस्टहून केबलीच्या टोकापर्यंत, तिथल्या तुकड्यावरून वळून डीएसआर होऊन परत गेस्टमध्ये. होस्ट पाइप निवडला असता तर हे जमलं नसतं. पाइपातून बाइट जातात, पिनांची खबर जात नाही.

डिचोलीकर (बुधवार, सकाळी ८:३०)

आज पुन्हा अडलं! व्हीएम सुरू होईना. काल रात्री पावसाच्या भीतीने सगळं काढून ठेवलं होतं, सकाळी पुन्हा जोडलं.

वास्कोवाला (८:३८)

अडॅप्टर यूएसबीच्या दुसऱ्या भोकात घातलात. ज्या चिपेला स्वतःचा सीरियल क्रमांक नसतो तिला विंडोज प्रत्येक भोकात नवीन कॉम नंबर देतं. डिव्हाइस मॅनेजर बघा, कॉम ४ किंवा ५ झाला असेल.

डिचोलीकर (८:४४)

कॉम ५ झाला होता. पुन्हा जुन्या भोकात घातला, भोकावर आईच्याच बाटलीतल्या रंगाचा ठिपका दिला. सुरू झालं. चार ट्रक तोलून झाले.

अंत्रुजकर (९:२०)

आता खरी काळजी विजेची. तुमचा जुना मदरबोर्ड गेला तो बहुधा विजेच्या मीटरवरून नाही, काट्यावरून. लोड सेलच्या (वजन ओळखणाऱ्या सेन्सरांच्या) तारा प्लॅटफॉर्मखालून जमिनीतून इंडिकेटरपर्यंत येतात, आणि केबलची ५ नंबरची पिन इंडिकेटरची जमीन आणि संगणकाची जमीन एकत्र बांधते. जवळ वीज पडली की दोन जमिनींतला फरक त्याच तारेवरून धावतो. सीरियलचा ऑप्टो-आयसोलेटर मधे टाका. त्यात आकडे प्रकाशाने पलीकडे जातात, तांब्याची सलग वाट उरत नाही. पण घेताना बघा, पुष्कळ आयसोलेटर २ आणि ३ एवढेच पलीकडे नेतात. तुमचे तुकडे संगणकाच्या बाजूच्या टोकात आहेत, त्यामुळे तुम्हाला तेवढे पुरतात. इंडिकेटर मात्र उघडू नका.

डिचोलीकर (९:३१)

इंडिकेटरला वैधमापन खात्याचं सील आहे, त्याला हातच लावत नाही. आयसोलेटर आजच मागवतो. तोपर्यंत गडगडलं की केबल काढून ठेवायची, हे बाबांनी स्वतःकडे घेतलंय.

पेडण्याची_पोर (९:५०)

काका, जुन्या टोकाचा उघडलेला फोटो टाकाल का? लाल ठिपक्यासकट. आमच्या प्रोजेक्टच्या वहीत लावायचाय.

डिचोलीकर (९:५८)

आत्ताच वीज गेली, इन्व्हर्टरवर फक्त काटा चालू आहे. वीज आली की टाकतो.